उजेडात न येण्याच्या नाना तऱ्हा

दडलेली गोष्ट उघड झाली की इंग्रज ती ‘कम टू लाइट’ झाली असे म्हणतात आणि आपण ती उजेडात आली असे म्हणतो. लंडनमध्ये राहू लागल्यापासून मला अधिक विचार करायला लावले ते याच्या विरुद्धार्थी प्रयोगांनी. येथे माणसाला ‘इन द डार्क’ ठेवले जाते, बेत ठरल्या दिवसापर्यंत ‘अंडर रॅप्स’ असतो आणि अपराध मात्र ‘अंडर द कार्पेट’ सारला जातो. आपणही माणसाला अंधारात ठेवतो, बेत गुलदस्त्यात ठेवतो आणि अपराधावर पांघरूण घालतो. गोष्ट योग्य वेळेपर्यंत राखून ठेवणे वेगळे आणि कोणाचे पाप झाकणे वेगळे, ही समज दोन्ही भाषांमध्ये मुरलेली आहे. राज्यकर्त्यांच्या कागदांना ती लावून पाहायची असेल, तर लंडनच्या पश्चिमेकडील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारासारखे ठिकाण नाही.

तेथे वाचनपत्र विनामूल्य मिळते, शाईचे पेन बाहेर ठेवून पेन्सिलीने टिपणे घ्यावी लागतात आणि एरवी मंत्र्यांच्या टेबलावरून फिरलेली मूळ फाईल सामान्य माणसाच्या हाती दिली जाते. सरकारी कागद किती काळ बंद राहावेत, याचा नियमही उघड आहे. १९५८ च्या कायद्याने ही मुदत ५० वर्षांची ठरवली, १९६७ मध्ये ती ३० वर्षांवर आली आणि २०१० च्या कायद्यानंतर ती टप्प्याटप्प्याने २० वर्षांवर आणण्यात आली. हे राखून ठेवणे मला मान्य आहे, कारण त्याला तारीख आहे आणि त्या तारखेची वाट पाहता येते.

हॅन्सलोप पार्कचे प्रकरण मात्र या नियमात बसत नाही. केनियातील ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या माऊ माऊ उठावाच्या काळात छावण्यांमध्ये छळ सोसलेल्या काही वृद्धांनी ब्रिटिश सरकारवर लंडनच्या उच्च न्यायालयात दावा लावला, आणि त्या दाव्यात इतिहासकारांनी नेमके प्रश्न विचारल्यावर २०११ मध्ये सरकारला कबूल करावे लागले की, ३७ माजी वसाहतींमधून आणलेल्या सुमारे ८,८०० फायली परराष्ट्र खात्याच्या बकिंगहॅमशायरमधील या बंदिस्त आवारात पडून होत्या. वसाहत स्वतंत्र होताना गोऱ्या अधिकाऱ्यांनी त्या मायदेशी हलवल्या होत्या. क्यूच्या सूचीत त्यांची नोंदच नसल्यामुळे कोणी त्या मागू शकत नव्हते. अस्तित्वच ठाऊक नसलेल्या वस्तूची मागणी करणार कशी? माझ्या मते लपवण्याची सर्वांत परिणामकारक रीत हीच आहे. कुलूप दिसले तर माणूस किल्ली तरी शोधतो.

मराठी वाचकाला येथे पुण्याचे पेशवे दफ्तर आठवेल. इंग्रजांच्या ताब्यातील ते रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आपल्या संशोधकांना फार काळ मोकळेपणाने पाहता आले नाहीत आणि रियासतकार सरदेसाई यांनी निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० च्या दशकात छापून निघाले. पण ते दफ्तर पुण्यात आहे, हे निदान सर्वांना माहीत होते.

केनियाच्या कागदांमधील एक वाक्य माझ्या मनातून जात नाही. तेथील महाधिवक्ता एरिक ग्रिफिथ-जोन्स यांनी १९५७ मध्ये गव्हर्नर बेरिंग यांना कैद्यांवरील बळाच्या वापराविषयी लिहिताना म्हटले होते की, आपल्याला पाप करायचेच असेल तर ते गुपचूप केले पाहिजे. कायद्याच्या रक्षणासाठी नेमलेल्या माणसाने ते शांत हाताने लिहावे, यातच त्या राजवटीची सगळी ओळख आहे. जून २०१३ मध्ये परराष्ट्रमंत्री विल्यम हेग यांनी पार्लमेंटमध्ये खेद व्यक्त केला आणि ५,२२८ जणांसाठी १ कोटी ९९ लाख पौंडांची तडजोड जाहीर केली.

लपवलेले निदान सापडू शकते, जाळलेल्याचे काय? १९६१ मध्ये वसाहतमंत्री इयन मॅक्लिओड यांच्या खात्याने कळवले होते की, ब्रिटिश सरकारला अडचणीत आणू शकतील असे कागद नव्या सरकारांच्या हाती पडू नयेत. काही कागद लंडनला आले, काही जाळण्यात आले आणि राखेचेही तुकडे विस्कटून टाकावेत अशी सूचना होती. वजन बांधलेल्या पेट्यांतून कागद किनाऱ्यापासून दूर, खोल आणि प्रवाह नसलेल्या पाण्यात सोडण्याची मुभाही होती. मात्र काय नष्ट केले याचे दाखले भरून घेण्याची शिस्त त्याच नोकरशाहीत होती, त्यामुळे पुरावा संपवल्याचा पुरावा मागे उरला आहे.

भारताशी संबंधित एक ताजे उदाहरण आहे. सुवर्णमंदिरातील कारवाईच्या आधी, फेब्रुवारी १९८४ मध्ये, एका ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने भारतात येऊन सल्ला दिला होता, हे जानेवारी २०१४ मध्ये खुल्या झालेल्या पत्रांमुळे जगाला कळले. त्यानंतरच्या सरकारी चौकशीत असे निष्पन्न झाले की, संरक्षण खात्याची संबंधित फाईल २००९ मध्ये नेहमीच्या छाननीत नष्ट झाली होती आणि तिच्यातील काही कागदांच्या प्रती दुसऱ्या खात्यांच्या फायलींमध्ये राहिल्यामुळे मिळाल्या. म्हणजे येथे सत्याची भिस्त एका जास्तीच्या प्रतीवर होती.

हॅन्सलोपच्या फायली आता क्यूला ‘एफसीओ १४१’ या मालिकेत आहेत आणि श्रीलंका, सिंगापूर, मलाया यांचेही कागद तिच्यात सापडतात. सूची भारतात बसूनही पाहता येते. एखाद्या फायलीपुढे ‘क्लोज्ड’ असा शेरा दिसला, तर २००५ पासून अमलात असलेल्या माहिती स्वातंत्र्याच्या कायद्याखाली तिची मागणी करता येते आणि त्यासाठी ब्रिटिश नागरिक असण्याची किंवा येथे राहत असण्याची अट नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी या मार्गाचा अवश्य उपयोग करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.