हीट पंपाची वही : धूर, बर्फ आणि ओल

पहाटे सहाची वेळ. बाहेर दाट धुकं, पारा १ अंशावर. खिडकीतून सहज नजर गेली तर हीट पंपाच्या (उलटा चालून घर गरमही करणाऱ्या एसीच्या) बाहेरच्या युनिटमधून पांढरा लोट उठत होता. पंखा बंद. आतलं युनिटही गप्प, झडप मिटलेली, गरम हवा नाही. मला वाटलं, पेटलं! धावत जाऊन मेन स्विच पाडला आणि मग नवऱ्याला उठवलं. (आधी मला उठवायचं, मग स्विच, असं त्याचं अजूनही म्हणणं आहे.)

टॉर्च घेऊन बाहेर गेलो. जळका वास नाही, काही काळवंडलेलं नाही. कॉइलच्या, म्हणजे पातळ पत्र्यांतून फिरणाऱ्या नळ्यांच्या जाळीच्या, वरच्या अर्ध्या भागातून पाणी निथळत होतं आणि खालच्या अर्ध्या भागावर पांढराशुभ्र बर्फ होता, पिठी चाळणीतून भुरभुरावी तसा. ज्याला मी धूर समजले ती नुसती वाफ होती.

पुढच्या चार दिवसांत हेच मी आणखी तीनदा केलं. वाफ दिसली की स्विच बंद. परत चालू केल्यावर कॉम्प्रेसर तीनेक मिनिटं सुरूच होत नाही, त्याच्या रक्षणासाठी ती सोय असते, पण मला वाटे की आता मेलंच. शिवाय अर्धवट वितळलेलं पाणी पत्र्यांच्या फटीत तसंच गोठायचं. भुसभुशीत पांढऱ्या बर्फाच्या जागी काचेसारखा कडक बर्फ. चौथ्या दिवशी घर १७ अंशांच्या वर जाईना.

तेव्हा मामाला फोन केला. मामाची सगळी नोकरी कोल्ड स्टोरेजमध्ये गेली. मी घाबऱ्याघाबऱ्या सगळं सांगितलं, तर त्याचा पहिला प्रश्न, "बर्फ कुठे धरलाय? सगळीकडे सारखा, की एकाच कोपऱ्यात?"

"मामा, मशीन बिघडलंय का ते सांग ना."

"अगं तेच विचारतोय. सारखा धरला असेल तर मशीन धडधाकट आहे. तू त्याला धुऊ देत नाहीयेस."

मग त्याने जे सांगितलं ते असं. थंडीत हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढतो. त्यासाठी बाहेरची कॉइल बाहेरच्या हवेपेक्षाही थंड ठेवावी लागते. हवा २ अंशांवर असली तर कॉइल शून्याच्या चांगलीच खाली. हवेतली वाफ त्या पत्र्यांवर दव होऊन बसते आणि तिथेच गोठते. थर वाढला की हवा आत जाईना, कॉइल आणखी थंड, बर्फ आणखी जास्त. म्हणून मशीन मधूनच उलटं फिरतं, यालाच डीफ्रॉस्ट म्हणतात. रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह पलटतो, कॉम्प्रेसरमधला गरम गॅस थेट बाहेरच्या कॉइलमध्ये जातो. बाहेरचा पंखा मुद्दाम थांबवतात, नाहीतर ती ऊब वाऱ्यावर जाईल. आतलाही पंखा थांबवतात, नाहीतर त्या वेळी खोलीत गार हवा येईल, कारण काही मिनिटांपुरता तो चक्क एसी झालेला असतो. पलटताना मोठा सुस्कारा टाकल्यासारखा आवाज येतो. मी तो आवाज गॅस फुटल्याचा समजले होते.

मला एक गोष्ट खटकत होती. आधी उष्णता ओढायची, मग तीच बर्फ वितळवायला परत घालवायची, हा काय व्यवहार? मामा हसला. म्हणाला, बर्फ धरताना कॉइलला उष्णता मिळते, हे लोक विसरतात. हिशेब त्यानेच सांगितला. १ किलो वाफेचा थेट बर्फ होताना सुमारे २८३० किलोज्यूल बाहेर पडतात, आणि तोच बर्फ वितळवायला ३३४ लागतात. म्हणजे आठव्या हिश्श्याच्या आसपास. अर्थात धातू तापवायला वेगळी उष्णता लागते, काही हवेत उडून जाते आणि तेवढा वेळ घर गरम होत नाही, त्यामुळे फुकट काहीच नाही. खरा तोटा होतो तो बर्फ हवेची वाट अडवतो म्हणून.

"एक वही कर," तो म्हणाला. "बाहेरचं तापमान, डीफ्रॉस्ट सुरू कधी, बंद कधी. आम्ही प्लांटवर ठेवायचो तशी."

वही केली. पहिल्या आठवड्याच्या नोंदी अजून आहेत. धुक्याच्या सकाळी, १ ते ३ अंशांत, पाऊण ते एक तासाने डीफ्रॉस्ट आणि प्रत्येक वेळी पाच-सहा मिनिटांत काम तमाम. मग कडाक्याची थंडी पडली, उणे १०, आकाश निरभ्र. मी म्हटलं आता तर मशीन सतत बर्फच झाडत बसणार. कसलं काय, तीन-तीन तास एकही डीफ्रॉस्ट नाही. वहीत चूक झाली म्हणून मी रात्री दोनचा गजर लावून खात्री केली.

कारण साधं आहे, पण वही नसती तर सुचलं नसतं. शून्य अंशाच्या संपृक्त (मावेल तेवढी वाफ भरलेल्या) हवेत घनमीटरला जवळजवळ ५ ग्रॅम पाणी असतं, उणे १० ला त्याच्या निम्म्याहूनही कमी. गोठायला बाहेर पाणीच नाही तर बर्फ येणार कुठून? आणि ७-८ अंशांच्या वर गेलं की कॉइल बहुधा शून्याच्या वरच राहते, दव नुसतं ठिबकून जातं. मशीनची खरी परीक्षा मधल्या त्या दमट पट्ट्यात, शून्याच्या आसपास.

माझे उपद्व्यापही वहीत आहेत, प्रामाणिकपणे. एकदा लाकडी उलथन्याने बर्फ खरवडला. तीन इंच रुंद पट्ट्यातले पत्रे आडवे झाले, ते अजून तसेच आहेत. एकदा उकळतं पाणी ओतलं. ते खाली जाऊन गोठलं. एका रात्री युनिटवर प्लास्टिक पांघरलं, त्याला थंडी वाजू नये म्हणून! हवा अडली आणि तासाभरात बर्फाची भिंत. सगळ्यात नकळत केलेली चूक मात्र रिमोटची होती. रात्री १६ वर ठेवायचं आणि सकाळी एकदम २२. सकाळची हवा सर्वांत दमट, त्याच वेळी मशीनला पूर्ण जोर लावायला लावायचा. जोर वाढला की बाहेरची कॉइल आणखी थंड होते. आता रात्रंदिवस २० वर सोडून दिलंय आणि पहाटेचे डीफ्रॉस्ट डोळ्यांना दिसण्याइतके कमी झालेत.

दुसऱ्या हिवाळ्यात खरा बिघाड आला. बाहेरून 'टर्र टर्र' आवाज यायला लागला. खालच्या पत्र्याच्या तबकात वीतभर बर्फाची लादी झाली होती आणि पंख्याचं पातं तिला घासत होतं. टेक्निशियन आला, दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, गॅस कमी आहे, भरावा लागेल.

एरवी मी मान डोलावली असती. पण वहीत एक विचित्र गोष्ट दिसत होती. आदल्या दहा दिवसांत प्रत्येक डीफ्रॉस्ट बरोबर दहा मिनिटांचा. साडेनऊ नाही, अकरा नाही. डीफ्रॉस्ट दोन प्रकारे थांबतो. कॉइलवरच्या सेन्सरला पुरेशी ऊब लागली की, किंवा ठरलेली कमाल वेळ संपली की. पूर्वी माझं मशीन पाच-सहा मिनिटांत सेन्सरवर थांबायचं, आता घड्याळावर थांबत होतं. म्हणजे सेन्सरला ऊब पोचतच नव्हती.

मामाला फोटो पाठवले. डीफ्रॉस्टच्या आधीचा, कॉइलभर सारखा बर्फ. नंतरचा, वरती सगळं स्वच्छ, फक्त तळाशी लादी. तो म्हणाला, गॅस कमी असता तर कॉइलचा गॅस शिरतो तेवढाच भाग पांढरा झाला असता, बाकीची कोरडी राहिली असती. "त्याला सांग, आधी ड्रेनची भोकं बघा. आणि नीट बोल हो, तोही दिवसभर थंडीत फिरतोय."

नीट बोलले. वही दाखवली. त्याने ती खरंच वाचली, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. खालची भोकं कुजलेल्या पानांच्या चिखलाने बुजली होती. वितळलेलं पाणी बाहेर न पडता तबकात साठायचं, पुढच्या फेरीत गोठायचं, आणि रोज थोडी थोडी वाढत ती लादी कॉइलच्या खालच्या नळ्यांना जाऊन भिडली होती. सेन्सर तिथेच. बर्फात बसलेल्या नळीला दहा मिनिटांत काय ऊब येणार? मशीन बंद ठेवलं, दुपारी पारा ६ वर गेल्यावर कोमट पाणी हळूहळू सोडत लादी सुटी केली, भोकं साफ केली, आणि युनिट स्टँडवर हातभर उंच केलं. गॅसला कोणी हात लावला नाही. त्या संध्याकाळचा पहिला डीफ्रॉस्ट साडेपाच मिनिटांचा.

आता घरातल्या हवेचं. पहिल्या हिवाळ्यात ओठ फुटले, घसा कोरडा, स्वेटर काढला की ठिणग्या. माझा सरळ निष्कर्ष, हा पंप हवेतलं पाणी शोषतो. वीस रुमाल ओले करून टांगायचा बेतही होता. पण गरम करताना आतली कॉइल गरम असते, ती पाणी काढूच शकत नाही. बाहेरची हवा फटींमधून आत येते. शून्य अंशाला ती अगदी संपृक्त असली तरी तीच २० अंशांपर्यंत तापवली की सापेक्ष आर्द्रता (मावू शकेल त्याच्या किती टक्के वाफ हवेत आहे ते) सुमारे २६ टक्क्यांवर येते. पाणी तेवढंच, पण गरम हवेची भूक वाढलेली. कुठल्याही हीटरने हेच झालं असतं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. ह्युमिडिफायर आणला आणि ६० टक्क्यांपर्यंत चढवला. घसा सुखावला, पण सकाळी खिडक्यांवरून ओघळ. २० अंश आणि ६० टक्के म्हणजे दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला दव धरू लागतं तो, १२ अंश. माझी काच त्याहून थंड, आणि चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात आठवड्याभरात काळी बुरशी. बाहेर कॉइलवर जे चाललं होतं तेच मी घरात खिडकीवर सुरू केलं होतं, फक्त गोठत नव्हतं एवढंच. आता थंडीत ४० टक्क्यांवर थांबते, कडाका असेल तर त्याहून कमी.

पावसाच्या दिवसांत उलटा त्रास. खोली २४ अंश, तरी अंग चिकट, चादरी दमट, हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) ७० वर. मी सेटिंग २१ केलं. गारठलो, पण चिकटपणा तसाच. मशीन पाणी काढतंय की नाही हे बघायला आतल्या युनिटच्या ड्रेन पाइपखाली बाटली लावली. कूल मोडवर, पंखा फुल्ल, तीन तासांत पाव बाटली. दुसऱ्या दिवशी साधारण तशाच हवेत ड्राय मोड (ओल काढायचं सेटिंग), तेवढ्याच वेळात बाटली भरून वाहिली.

याचं कारण पंख्यात आहे. पंखा जोरात असला की हवा कॉइलवरून पळत जाते, कॉइल तितकी थंड राहत नाही, हवा गार होते पण पाणी कमी सोडते. आमचं मशीन खोलीच्या मानाने मोठं आहे, त्यामुळे पाच-सात मिनिटांत तापमान गाठून कॉम्प्रेसर थांबतो. तोवर कॉइल नुसती ओली झालेली असते, थेंब ओघळून पाइपपर्यंत पोचायच्या आत खेळ संपतो. मग पंखा चालूच राहिला तर तेच पाणी सुकून परत खोलीत. म्हणजे मी वीज खर्चून पाणी कॉइलवर आणत होते आणि पंख्याने घरात परत वाटत होते. ड्राय मोडमध्ये पंखा मंद असतो आणि आमच्या मशीनमध्ये तो कॉम्प्रेसरबरोबरच थांबतो.

विकणाऱ्याने मोठं मशीन 'सोयीचं' म्हणून गळ्यात मारलं होतं. आता बदलणं शक्य नाही, पण परत घेताना मी बेताचंच घेईन, जे बराच वेळ संथ चालत राहील.

ड्राय मोडही सर्व दुखण्यांवर औषध नाही. बाहेर २१-२२ अंश आणि दिवसभर रिपरिप असेल तेव्हा ते खोली हुडहुडी भरेपर्यंत गार करतं. त्या दिवसांसाठी वेगळा डीह्युमिडिफायर लावते. तो पाणी काढतो आणि खोली किंचित गरम करतो. आणि फिल्टर, तो दर पंधरा दिवसांनी धुते. तो तुंबला की हवा कमी जाते आणि भर उन्हाळ्यात आतल्या कॉइलवर बर्फ धरू शकतो. तेवढं एक बघायचं माझ्या नशिबात आलेलं नाही.

मामा अजून दर रविवारी फोनवर नोंदी विचारतो. नवरा म्हणतो, तब्येत विचारायच्या आधी मशीनची विचारतो. आजची नोंद : बाहेर २ अंश, धुकं. ६:४० ला सुरू, ६:४६ ला बंद. ड्रेनमधून पाणी नीट गेलं, तबक कोरडं. घरात २० अंश, ४१ टक्के. शेजारच्या घरात नवीन राहायला आलेला मुलगा कुंपणापाशी येऊन ओरडला, "काकू, तुमच्याकडे धूर येतोय!" त्याला वही दाखवायला आत बोलावलंय.