वरून करपली, खालून कच्ची

ओव्हनचं एक वाईट असतं, तो मिक्सरसारखा एकदम बंद पडत नाही. दिवा लागतो, टायमर टिकटिक करतो, वरचा रॉड छान लालबुंद होतो आणि आपण निवांत. बट्ट्या बाहेर काढल्यावर कळतं की वरून करपल्यात आणि खालून कणीक जशीच्या तशी. म्हणजे खालचा रॉड गेला.

आता खानदेशात बट्टी म्हणजे खरं तर उकडायची, कापायची आणि कढईत सोडायची, पण तेल कमी खायचं ठरल्यापासून आमच्या अमळनेरच्या घरात ती ओव्हनमधे जाते. ओव्हन असा अर्धा मेल्यावर आईने निकाल देऊन टाकला, "आते हाई भंगारमा दी टाक." मला मात्र त्याची पाठ उघडून बघायचीच होती, कारण एवढ्या मोठ्या डब्यात असतं तरी काय ही उत्सुकता जुनीच.

प्लग काढून ठेवला (स्विच बंद करणं वेगळं आणि प्लग काढणं वेगळं, यात कंजुषी नको), मागचे आणि बाजूचे स्क्रू काढले. आत जवळजवळ काहीच नाही! एक थर्मोस्टॅट, एक टायमर, वर-खाली निवडायचा स्विच, चार-सहा वायरी आणि रॉड. बस.

रॉड मात्र बघण्यासारखा. बाहेरून साधी स्टीलची नळी, पण तिच्या आत निक्रोमच्या बारीक तारेचं स्प्रिंग असतं आणि भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासून भरलेली. ही पूड उष्णता बाहेर जाऊ देते, करंट जाऊ देत नाही. म्हणून तार आत पेटलेली असली तरी नळीत करंट उतरत नाही. फक्त पूड ओल धरते, त्यामुळे पावसाळाभर माळ्यावर पडून राहिलेला ओव्हन लावला की कधीकधी घराचा मेन ट्रिप होतो, आणि लोक म्हणतात वायरिंग गेली. निक्रोम म्हणजे निकेल आणि क्रोमियम, १९०६ मधे अमेरिकेत अल्बर्ट मार्शने त्याचं पेटंट घेतलं. लाल होऊनही ही तार हवेत जळून जात नाही कारण क्रोमियमच्या ऑक्साइडची साय तिच्यावर धरते. टोस्टर, गीझर, इस्त्री, सगळा तापायचा संसार याच शोधाच्या आसपास उभा आहे.

तपासणी सोपी. रॉडच्या वायरी सोडवायच्या आणि दोन टोकांना मल्टीमीटर (वायरीतला रोध मोजायचा मीटर) लावायचा. आमचा रॉड ८०० वॅटचा, घरातल्या २३० व्होल्टचा वर्ग भागिले ८००, म्हणजे साधारण ६६ ओहम रोध दिसायला हवा होता. मीटर ढिम्म. तार आत कुठेतरी तुटलेली. तसाच नवा रॉड जळगावला गोलाणी मार्केटमधे मिळाला, एका मोठ्या पिझ्झाहून स्वस्त. बसवताना एकच काळजी, इथे सोल्डर चालत नाही, ते १८३ डिग्रीच्या आसपासच पातळ होतं आणि ओव्हन त्याच्या पुढे जातो, म्हणून जोड लग (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) दाबूनच करायचा आणि वायर घ्यायची ती काचेच्या धाग्याच्या कवचाची, साधी प्लास्टिकची नाही. नव्या रॉडचं टोक आणि बॉडी यांच्यामधे मीटर लावून बघायचं, तिथे मात्र मीटर ढिम्मच पाहिजे. नाहीतर शॉक.

पण मला खरी मजा आली ती थर्मोस्टॅट बघून. पुढच्या डायलवर १८०, २०० असे आकडे किती ऐटीत छापलेत, आणि त्याच्या मागे काय, तर दोन वेगवेगळ्या धातूंची एकमेकांना चिकटवलेली पट्टी. एक धातू जास्त फुगतो, दुसरा कमी, पट्टी वाकते, टक् करून करंट तुटतो, गार झाली की सरळ होते आणि पुन्हा टक्. म्हणजे २०० वर ठेवलेला ओव्हन २०० वर कधी नसतोच, त्याच्या वर-खाली हेलकावे खात असतो, आणि तेही पट्टी जिथे बसवली आहे त्या कोपऱ्यातलं तापमान, बट्टीजवळचं नाही! इतकी वर्षं आपण रेसिपीतल्या "१८० ला २५ मिनिटं" पुढे हात जोडून उभे होतो. आई बट्टी बोटाने ठोकून आवाजावर सांगते झाली की नाही, तो अंदाज, आणि डायलवरचा तो आकडा, असं आम्ही समजत आलो. बघायला गेलं तर दोन्हीकडे अंदाजच, फक्त एकाला छपाई चांगली मिळाली.

मग ओव्हनमधे ठेवायचं साधं थर्मामीटर आणलं. आमच्याकडे डायल १८० म्हणतो तेव्हा जाळीवर २०० च्या पुढे असतं. हे कळल्यावर आईने मार्कर मागून घेतला आणि डायलवर आकड्यांच्या जागी स्वतःच्या खुणा केल्या, एका खुणेशी "बट्टी", अलीकडे "नानकटाई". भरताची खूण कुठे करू विचारलं तर नुसती बघत राहिली माझ्याकडे. वांगी पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर भाजायची, त्यात ओव्हनचा काय संबंध.