तुम्ही विचारलंत म्हणून: डाउनलोड आले आणि गाणी चार्टमध्ये मुक्कामाला राहिली

पाश्चात्य पॉपवर मराठीत काहीही लिहिलं की एक प्रश्न हमखास येतो: डिजिटल डाउनलोड आल्यापासून गाणी चार्टमध्ये महिनोन्‌महिने का रेंगाळायला लागली? लगोलग दुसरं कुणीतरी नेमकं उलटं विचारतं: एका आठवड्यात पहिला नंबर आणि पुढच्या आठवड्यात घसरण, हे डाउनलोडमुळेच सुरू झालं ना? दोघंही बहुतेक ब्रिटनच्या सिंगल्स चार्टबद्दल, म्हणजे सुट्या गाण्यांच्या (सिंगलच्या) दर आठवड्याच्या क्रमवारीबद्दल, बोलत असतात आणि दोघंही अर्धे बरोबर असतात. उत्तर ब्रिटनपुरतंच देतो. अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड हॉट १००’मध्ये रेडिओवर गाणं किती वाजलं हेही धरतात, त्यामुळे तिथे डाउनलोडचा परिणाम वेगळा काढणं किचकट होतं. ब्रिटनमध्ये २०१४च्या मध्यापर्यंत हिशेब साधा होता: आठवड्यात किती प्रती विकल्या गेल्या, बस्स.

आधी सीडीचा काळ बघू, कारण खरी ग्यानबाची मेख तिथेच आहे. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात रेकॉर्ड कंपन्या नवं गाणं रेडिओला चार-सहा आठवडे आधी द्यायच्या. गाणं दिवसरात्र कानावर पडायचं, पण दुकानात मिळायचं नाही. मग एका सोमवारी सीडी दुकानात यायची, पहिल्या आठवड्यात १ पौंड ९९ पेन्सला, नंतर ३ पौंड ९९ पेन्सला. शिवाय एकाच गाण्याच्या दोन सीडी, प्रत्येकीवर वेगळी जोडगाणी, म्हणजे निस्सीम चाहता दोन्ही घेणार. साचलेली सगळी मागणी सहा-सात दिवसांत फुटायची. रविवारी चार्ट जाहीर झाला की गाणं आलं तेच आपल्या सर्वोच्च जागी, आणि पुढच्या रविवारपासून उतार. त्याच्या जागी दुसऱ्या कंपनीचं तसंच साठवून ठेवलेलं गाणं. २००० साली ५२ आठवड्यांत चाळीसहून अधिक गाणी पहिल्या नंबरवर येऊन गेली ती अशी. लोकांची आवड दर सोमवारी बदलत नव्हती, दुकानातला माल बदलत होता. ‘एका आठवड्याचा राजा’ हे सीडीचं अपत्य आहे, डाउनलोडचं नाही.

या पद्धतीनं सिंगल सीडीचा बाजार स्वतःच संपवत आणला. दुकानांनी सिंगलचे कप्पे कमी केले, विक्री आटली. मार्च २००६मध्ये ऑर्सन या बँडचं ‘नो टुमॉरो’ आठवड्याला १८ हजारांच्या आत प्रती खपून पहिल्या नंबरवर बसलं होतं, इतकी ती खुर्ची स्वस्त झाली होती.

डाउनलोड मात्र चार्टमध्ये एका फटक्यात आले नाहीत. ॲपलचं आयट्यून्स हे नेटवरचं दुकान ब्रिटनमध्ये जून २००४ला उघडलं, गाण्याला ७९ पेन्स. सप्टेंबर २००४पासून डाउनलोडचा वेगळा चार्ट निघाला. एप्रिल २००५मध्ये ते मुख्य चार्टमध्ये मिसळले, पण अट अशी की त्या गाण्याची सीडी दुकानात असली तरच डाउनलोड धरायचे. मार्च २००६मध्ये अट थोडी सैल झाली: सीडी येण्याच्या आदल्या आठवड्याचे डाउनलोडही चालतील. लगेच एप्रिलमध्ये नार्ल्स बार्कलीचं ‘क्रेझी’ निव्वळ डाउनलोडवर पहिलं आलं.

या गाण्याचा पुढचा प्रवास म्हणजे त्या अर्धवट नियमांचा शवविच्छेदन अहवाल म्हणायला हरकत नाही. ते नऊ आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं. लोकांना कंटाळा येण्याआधी थांबावं म्हणून सीडी बाजारातून काढून घेतली गेली. तेव्हाच्या नियमानं सीडी मागे घेतल्यावर दोन आठवड्यांनी गाणं चार्टमधून बाद व्हायचं. डाउनलोड जोरात चालू असताना ‘क्रेझी’ पहिल्या पाचातून उठून थेट चार्टबाहेर गेलं. म्हणजे गाण्याचं आयुष्य ठरवत होती ती सीडी, जिचा बाजार तोवर आटत चालला होता.

जानेवारी २००७मध्ये ही अट पूर्ण गेली. सीडी असो-नसो, जे डाउनलोड होईल ते मोजायचं. माझ्या मते चार्टच्या इतिहासातली हीच मोठी तारीख. २००५ला उगाच जास्त मान मिळतो. पहिल्याच आठवड्यात स्नो पट्रोलचं ‘चेझिंग कार्स’, ज्याची सीडी दुकानांतून गेली होती, नवव्या नंबरवर परत आलं. ‘क्रेझी’सुद्धा परतलं. त्याच महिन्यात बीबीसीच्या रेडिओ १च्या एका निवेदकानं थट्टेथट्टेत श्रोत्यांना उचकवलं आणि बिली पायपरचं १९९९चं ‘हनी टु द बी’ सतराव्या नंबरवर येऊन बसलं.

ये-जा बदलली ती नेमकी कशी? आधी गाण्याला चार्टमध्ये शिरायला एक ठरलेला दिवस होता आणि बाहेर पडायलाही. दुकानदारानं परत मागवलं नाही, कंपनीनं छपाई थांबवली, की खेळ खलास. डाउनलोडच्या दुकानात माल संपत नाही, कप्पा भरत नाही, आणि दुसऱ्या आठवड्यात किंमत दुप्पट होत नाही. त्यामुळे उतार मंदावला. गाणं पन्नाशी-साठीत उतरून तिथेच वीस-तीस आठवडे तग धरू लागलं: एखाद्या मालिकेत वाजलं, गुणवत्ता शोधाच्या कार्यक्रमात कुणी गायलं, की पुन्हा वर. सिंगल म्हणून कधी न निघालेलं अल्बममधलं गाणंही सुटं विकत घेता येऊ लागलं, त्यामुळे चार्टच्या दारात उभं राहायला उमेदवार हजारपट वाढले.

मृत्यूनंतरची गर्दी बघा. जॉन लेननची हत्या ८ डिसेंबर १९८०ला झाली. त्याचं ‘इमॅजिन’ पहिल्या नंबरवर पोचलं ते जानेवारीत, कारण तबकड्या छापून दुकानात पोचायला हव्यात. मायकल जॅक्सन २५ जून २००९ला गेला, गुरुवारी. चार्टचा आठवडा तेव्हा शनिवारी रात्री संपायचा. हाती जेमतेम दोन दिवस असूनही ‘मॅन इन द मिरर’ अकराव्या नंबरवर आलं, आणि पूर्ण आठवडा मिळाल्यावर दुसऱ्या. त्याच वर्षी नाताळात रेज अगेन्स्ट द मशीनचं १९९२चं ‘किलिंग इन द नेम’ लोकांनी ठरवून पाच लाखांहून जास्त वेळा डाउनलोड करून ‘एक्स फॅक्टर’ या टीव्हीवरच्या गायन स्पर्धेच्या विजेत्याला मागे टाकलं. आणि मराया कॅरीचं १९९४चं नाताळगीत डिसेंबर २००७मध्ये चौथ्या नंबरवर परतलं, ते त्यानंतर दर डिसेंबरला येतंच आहे, गणपतीच्या आधी जुन्या आरत्यांच्या कॅसेटी बाहेर निघाव्यात तसं.

आता दुसरी अर्धी बाजू. खालचा भाग संथ झाला म्हणून वरचाही झाला असं धरलं की गल्लत होते. २००७मध्ये रिहानाचं ‘अम्ब्रेला’ दहा आठवडे पहिलं राहिलं, तेव्हा तसं वाटलंही होतं. पण पुढच्या काही वर्षांत पहिला नंबर पुन्हा भराभरा बदलायला लागला. २०१४ साली तर तीसहून अधिक नवी गाणी तिथे आली. कारण जुनंच. कंपन्यांनी रेडिओला आधी आणि विक्रीला नंतर, ही युक्ती डाउनलोडलाही लावली. २०११च्या सुरुवातीला युनिव्हर्सल आणि सोनी या दोघांनी रेडिओवर येईल त्याच दिवशी विक्रीला द्यायचं असं जाहीर केलं, पण सगळ्यांनी ते पाळलं नाही आणि गोष्ट फिसकटली. एकूण बाजारही फुगला होता: २००९मध्ये सिंगलची विक्री १५ कोटींच्या वर गेली. तेव्हा पहिल्या आठवड्यात लाखभर डाउनलोड करून घेणारं गाणं वर झेपावायचं, आणि आधीचं हळूहळू ओघळत खाली मुक्काम करायचं. शेंड्याला वारा, बुंध्याला स्थैर्य.

डाउनलोड ही शेवटी खरेदीच. माणूस गाणं एकदा घेतो, मग ते हजार वेळा ऐकलं तरी चार्टला पत्ता नसतो. त्यामुळे चाहत्यांनी घेऊन झालं की विक्री उतरणारच. जुलै २०१४मध्ये स्ट्रीमिंग, म्हणजे गाणं विकत न घेता नेटवर थेट ऐकणं, मोजायला लागले, १०० वेळा ऐकलं की एक विक्री, आणि हा उतारच नाहीसा झाला. तेच माणूस तेच गाणं रोज ऐकतं, रोज मोजलं जातं. २०१६मध्ये ड्रेकचं ‘वन डान्स’ पंधरा आठवडे पहिलं, आणि वर्षभरात पहिल्या नंबरवर आलेली नवी गाणी डझनभरही नाहीत. मार्च २०१७मध्ये एड शीरनच्या एका अल्बमची सोळा गाणी पहिल्या विसात. ज्या गोठलेल्या चार्टबद्दल तुम्ही विचारता तो हा, आणि त्याचं खापर डाउनलोडवर फोडणं अन्यायाचं आहे.

चार्टवाल्यांनी मग बाहेर जायचं दार पुन्हा बसवलं. जुलै २०१७पासून एका कलाकाराची जास्तीत जास्त तीनच गाणी. आणि दहा आठवडे झालेलं गाणं सलग तीन आठवडे घसरलं, की त्याच्या स्ट्रीमची किंमत निम्मी: तेव्हा १००च्या जागी १५०ला एक विक्री झाली होती, ती ३००ला एक. बिनाका गीतमाला ऐकलेल्यांना यात नवल वाटू नये. ठरावीक आठवडे टिकलेलं गाणं अमीन सयानी ‘सरताज गीत’ म्हणून मानानं बाजूला काढायचे. फरक एवढाच की लंडनमध्ये मान वगैरे नाही, नुसती कात्री.

ज्यांना स्वतः ताळा करून बघायचा आहे त्यांच्यासाठी. हा चार्ट काढणाऱ्या ऑफिशियल चार्ट्स कंपनीच्या संकेतस्थळावर जुने चार्ट आठवड्यागणिक आहेत. एकाच महिन्यातला, समजा फेब्रुवारीतला, एक आठवडा १९९९, २००३, २००८, २०१३ आणि २०१७ असा घ्या. डिसेंबर घेऊ नका, नाताळची जुनी गाणी सगळं बिघडवतात. फक्त पहिली चाळीस धरा, कारण खालच्या भागात कोणतं गाणं बसू द्यायचं याचे नियम वेगळे होते. प्रत्येक आठवड्यात तीन आकडे लिहा: नवी आलेली गाणी, परत आलेली गाणी, आणि दहाहून अधिक आठवडे जुनी गाणी. नवी आणि परतलेली एकत्र मोजलीत तर २००७नंतरची ये-जा फुगलेली दिसेल. आणि एका गाण्याचे ‘एकूण आठवडे’ दुसऱ्या काळातल्या गाण्याशी ताडताना एप्रिल २००५, जानेवारी २००७, जुलै २०१४ आणि जुलै २०१७ या चार रेघा आधी वहीत मारून घ्या. रेघेच्या अलीकडचं गाणं पलीकडच्याशी तोलायचं असेल, तर निदान कुठल्या नियमानं मोजलंय ते शेजारी लिहून ठेवा.