काचेला चिकटलेले आजोबा

गणपती गेले की दुकानात पिशव्या यायला लागतात. पितृपंधरवड्यासाठी भिंतीवरची तसबीर खाली उतरते, पुसायला घेतली की कळतं, आत बुरशी धरलीय, कडेने कसर लागलीय. चार महिने पाऊस आणि चाळीतली ओल आलेली भिंत, दुसरं काय होणार? मग तिथीच्या आदल्या दिवशी माणूस दारात उभा. "ताई, उद्यापर्यंत होईल ना?"

उद्यापर्यंत होत नाही. झेरॉक्स काढणं आणि खराब झालेला जुना फोटो दुरुस्त करणं यात फरक आहे, हे मी दर भाद्रपदात सांगते.

आमचं दुकान परळला. मूळ सासऱ्यांचा स्टुडिओ. ते निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने टचिंग करायचे. डोळ्यांखालची काळी वर्तुळं निगेटिव्हवर पेन्सिलीने भरली की प्रिंटमध्ये ती उजळतात. त्या पेन्सिली अजून ड्रॉवरमध्ये आहेत. मी तेच काम कॉम्प्युटरवर करते.

ओल करते त्याहून जास्त नुकसान घरचे करतात, हे मात्र तेव्हाही होतं आणि आताही आहे. जुन्या फोटोतलं चित्र कागदावरच्या जिलेटिनच्या पातळ थरात असतं. दमट हवेत तो थर फुगतो, मऊ होतो आणि समोरच्या काचेला चिकटतो. हे दिसलं की घरात कोणीतरी हुशार ब्लेड घेऊन बसतो. परवा एक काका आले, त्यांच्या एका पिशवीत कागद आणि दुसरीत काच. फेटा, कोट, हातात काठी असे बसलेले आजोबा. पण अर्धी मिशी, एक कान आणि कोटाची वरची दोन बटणं काचेवर. काका ओशाळून म्हणाले, "काच टाकणारच होतो, मिसेस म्हणाली, घेऊन जा." मिसेसचे आभार मानायला सांगितले. काचेवर आलेला थर एकटा बघितला तर काहीच कळत नाही, पारदर्शक डाग वाटतो. त्याच्यामागे पांढराशुभ्र कागद धरला तेव्हा मिशी दिसली, केस न् केस. काचेचा आणि कागदाचा वेगवेगळा फोटो काढला, दोन्ही बाजूंनी तिरपे दिवे लावून, म्हणजे काच चमकत नाही. मग कॉम्प्युटरवर मिशीला मिशी जुळवली. कान मात्र फाटून मध्ये गेला होता, तो दुसऱ्या कानावरून घ्यावा लागला. हे काकांना सांगितलं. न सांगता करणं मला पटत नाही.

म्हणून सांगते, चिकटलेला फोटो फ्रेमसकट आणा. काचेतूनच त्याचा फोटो काढता येतो. घरच्या चपट्या स्वस्त स्कॅनरवर ठेवू नका. त्याचं फोकस त्याच्या स्वतःच्या काचेवर असतं, मध्ये आणखी एक काच आली की सगळं धूसर येतं. "पाण्यात भिजवला की सुटतो" असंही कोणीतरी सांगतं. सुटतो कधीकधी. पण बुरशी लागलेलं जिलेटिन पाण्यात विरघळून जाऊ शकतं, हाताने रंगवलेल्या फोटोचे रंग जातात. आधी कॅमेऱ्यात घ्यायचं, पाण्याचं नंतर बघू.

पुरात भिजलेल्याची गोष्ट उलटी. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर आमच्याकडे अल्बम आले ते वाळून विटा झालेले. ओले फोटो एकावर एक वाळू द्यायचे नाहीत. स्वच्छ पाण्यात अलगद वेगळे करून, चित्र वर ठेवून सुकवायचे. तेवढा वेळ नसेल तर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सरळ फ्रीझरमध्ये. हसू नका, सुटे करायला उसंत मिळते.

आमच्या भागात आणखी एक प्रकार येतो, गिरणीचा पास, म्हणजे कापडगिरणीतल्या कामगाराचं ओळखपत्र. माणसाचा तेवढा एकच फोटो, नखाएवढा, त्यावर गालापासून कपाळापर्यंत जांभळा शिक्का. असा फोटो काळा-पांढरा असला तरी मी स्कॅन रंगीतच करते. रंगीत स्कॅनमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनेल असतात, ते एकेक करून वेगळे बघता येतात. जांभळी शाई निळ्या चॅनेलमध्ये फिकी पडते आणि खालचा चेहरा वर येतो. पिवळे डाग असतील तर उलट, लाल चॅनेल बघायचा. गेल्या वर्षी एक आजी नातवाबरोबर आल्या. नातवाने पासचा फोटो आधीच मोबाईलच्या कुठल्यातरी ॲपमधून काढला होता. गुळगुळीत गाल, चकाकते डोळे, ओठांमधून दात. आजींनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "ह्ये आमचं मालक न्हवंत." नातू म्हणाला, "अगं, क्लीअर केलाय." त्या म्हणाल्या, "असू दे क्लीअर. ह्यो कोन हाय?"

त्या ॲपला नखाएवढ्या फोटोत डोळा दिसत नाही, म्हणून ते कुठला तरी डोळा बसवतं. मी शिक्का काढला, ओरखडे भरले आणि ५ बाय ७पेक्षा मोठा करून दिला नाही. नातवाला १२ बाय १५ हवा होता. नाही म्हटलं. तेवढा मोठा करायला त्या कागदावर माणूसच उरलेला नाही. आजींना छोटा चालला, देवघराशेजारी लावायचा होता.

व्हॉट्सॲपवर फोटो पाठवणाऱ्यांनी तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर निम्मा तपशील वाटेतच जातो. निगेटिव्ह असतील तर त्या आणाच, प्रिंटपेक्षा त्यात कितीतरी जास्त असतं. आणि फोटोची मागची बाजू मी नेहमी स्कॅन करते. नाव, साल, स्टुडिओचा शिक्का, कधी "चि. बाळूस" असं काहीतरी तिथे असतं.

नवीन प्रिंट पिगमेंट इंकवर, मॅट कागदावर देते. फ्रेम करताना काच आणि फोटोच्या मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घालून घ्या, म्हणजे फोटो काचेला टेकत नाही. फ्रेमवाला म्हणेल, कशाला उगाच खर्च. त्याला सांगा, परळच्या ताईंनी सांगितलंय. पावसाचा मारा लागणारी भिंत सोडून लावा. आणि "नवा झाला, आता जुना तुम्हीच टाकून द्या" असं मला सांगू नका. जुना फोटो पाकिटात घालून मी हातात देते, नेत नसाल तर बिल फाडत नाही.