डे वॉच, खडू आणि खालची दोन ओळींची पट्टी

महोत्सव, तिसरी रात्र. शेवटचा खेळ संपल्यावर.

परदेशी फँटसीचा दुसरा भाग म्हणजे निम्मा सिनेमा पडद्यावर आणि निम्मा सबटायटल्समध्ये. तिमूर बेकमाम्बेतोवचा रशियन 'डे वॉच' (२००६) त्याचा उत्तम नमुना. 'नाइट वॉच'चा (२००४) पुढचा भाग. या जगात अलौकिक शक्तीची माणसं दोन गटांत विभागलेली, उजेडाची आणि अंधाराची. नावावरून वाटतं, दिवसाचा पहारा उजेडाच्या माणसांचा असणार. आहे उलटं. रात्री गस्त घालतात ते उजेडाच्या बाजूचे, अंधारवाल्यांवर नजर ठेवायला. दिवसाची गस्त अंधारवाल्यांची. पहिला भाग न बघता बसलेला माणूस इथेच घसरतो. तो हे जुळवत बसतो आणि सुरुवातीलाच तैमूरलंग भिंत फोडून खडूपर्यंत पोचतो. त्या खडूने लिहाल तसं नशीब बदलतं आणि सगळी कथा त्याच्यावरच उभी आहे. अशा सिनेमाला पाच मिनिटं उशिरा जाणं महागात पडतं.

पहिला भाग आदल्या दिवशी बघावा हे उत्तम. वेळ नसेल तर तीन गोष्टी कागदावर उतरवाव्यात: कोण कोणाचं कोण, त्या जगाचे दोन-तीन नियम, आणि मागच्या वेळी शेवटी काय बिनसलं. सबंध सारांश वाचू नये, त्यात बहुतेक वेळा पुढच्याही भागाचं गुपित फुटलेलं असतं.

नावांचा घोळ वेगळाच. रशियनमधला 'सुमराक', म्हणजे या माणसांना शिरता येणारं सावलीसारखं दुसरं जग, इंग्रजी सबटायटल्समध्ये 'ग्लूम' होतो आणि मूळ कादंबऱ्यांच्या इंग्रजी अनुवादात 'ट्वायलाइट'. जागा एकच, पण वाचक-प्रेक्षक दोन समजतो. सबटायटलला साधारण दोन ओळी मिळतात, ओळीत चाळीसेक अक्षरं, पडद्यावर एक ते सहा-सात सेकंद. नावंच लांबलचक असली की कात्री लागते ती नियमाच्या स्पष्टीकरणाला. म्हणजे नेमकं जे हवं तेच जातं! 'नाइट वॉच'च्या इंग्रजी आवृत्तीत मात्र अक्षरांनाही अभिनय दिला होता: पोहण्याच्या तलावातल्या प्रसंगात व्हॅम्पायरची हाक लाल अक्षरांत येते आणि पाण्यात रक्त विरावं तशी विरून जाते. एवढी मेहनत क्वचितच कोणी घेतं.

सबटायटल्स चित्रातच छापलेली असली तर काळजी नाही. ती वेगळ्या लॅपटॉपवरून पडद्याखालच्या पट्टीवर सोडत असतील तर गडबड होऊ शकते. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा आणि सबटायटलची फाइल २५ च्या आवृत्तीसाठी केलेली असेल, तर दहाव्या मिनिटाला मजकूर २४ सेकंद आधी येतो आणि दोन तासांच्या शेवटी जवळपास पाच मिनिटं आधी. राक्षस दाराबाहेर असतानाच त्याचं नाव वाचून होतं. ओळखायची खूण सोपी: फरक पहिल्यापासून तेवढाच राहिला तर ऑपरेटर तो एका फटक्यात सरकवू शकतो; फरक वाढत गेला तर फाइलच चुकीची आहे. पाचेक मिनिटांत उठून दारावरच्या स्वयंसेवकाला सांगावं. तासाभराने सांगून उपयोग नाही, तोवर खेळ थांबवायला कोणी तयार नसतं.

खेळच सुरू होईना, तर बहुधा किल्लीचा प्रश्न असतो. डीसीपी, म्हणजे थिएटरला येणारी सिनेमाची डिजिटल प्रत, कुलूपबंद येतो आणि त्याची डिजिटल किल्ली ठरावीक सर्व्हरसाठी, ठरावीक वेळेपुरती काढलेली असते. आयत्या वेळी सभागृह बदललं की जुनी किल्ली चालत नाही, नवी मागवावी लागते. इथे ओरडून काही होत नाही.

बसायचं कुठे? पडद्याच्या रुंदीच्या दीडपट अंतरावर. पडदा साधारण ३७ अंशांत मावतो आणि खालची ओळ वाचायला मान हलवावी लागत नाही. उतार कमी असलेल्या सभागृहात मात्र आणखी मागे, कडेच्या वाटेलगतची खुर्ची घ्यावी. नाहीतर दुसरी ओळ पुढच्या माणसाच्या डोक्यामागे जाते, आणि खडूने काय लिहिलं ते नेमकं त्याच ओळीत असतं.