आगमनकाळाआधीचा शनिवार

चर्चचे उपासना-वर्ष जानेवारीत नव्हे, तर नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी, म्हणजे आगमनकाळाच्या आरंभी सुरू होते. त्यामुळे आमच्या गायकवृंदाचा वार्षिक मेळावाही त्याच्या बराच आधी, एखाद्या शनिवारी भरत असे. निमित्त वर्षभराच्या संगीताच्या निवडीचे असले, तरी जुने सभासद खरे येत ते वाद घालण्यासाठी.

ऑर्गन वाजवणाऱ्या ताई आरंभी कोणालाही गीतपुस्तक उघडू देत नसत. मत्तय, मार्क आणि लूक या बायबलमधील शुभवर्तमानांवर आळीपाळीने भर देणाऱ्या तीन वर्षांच्या पाठक्रमातील आमच्या वाट्याचे शास्त्रपाठ मोठ्याने वाचून झाल्यावरच गीतांची नावे सुचवायची, असा त्यांचा दंडक होता. तो जाचक वाटे खरा; परंतु उधळ्या पुत्राच्या दाखल्याच्या रविवारी केवळ आम्हांला छान जमते म्हणून एखादे विजयगीत गाण्याची नामुष्की त्यामुळेच टळली.

दरवर्षी कोणीतरी नवखा संगीतकार हँडेलचे ‘हालेलुया’ नाताळासाठी सुचवी आणि दरवर्षी बास, म्हणजे सर्वांत खालच्या स्वरात गाणारे काका तोच खुलासा करीत: ते वृंदगान हँडेलच्या ‘मसीहा’ या तीन भागांच्या गायनकृतीत दुसऱ्या भागाच्या शेवटी, ख्रिस्ताच्या दुःखसहनानंतर व पुनरुत्थानानंतर येते, आणि १७४२ साली डब्लिनमध्ये त्या कृतीचा पहिला प्रयोग झाला तोही १३ एप्रिलला. नाताळात ते गाण्याची प्रथा आता इतकी रुळली आहे की, काकांचे म्हणणे रास्त असूनही बहुमत त्यांच्या विरोधातच जाई.

मला सर्वांत रस वाटे तो पियानो की ऑर्गन या चर्चेत. ताई एकच गीत दोन्ही वाद्यांवर वाजवून दाखवीत. ऑर्गनची पट्टी दाबून ठेवली की स्वर तसाच भरून राहतो, म्हणून मंडळी मोठी असली तरी सूर धरून गाते. मात्र दोन कडव्यांमध्ये वादकाने हात उचलला नाही, तर लोकांना श्वास कुठे घ्यावा हेच कळत नाही. पियानोचा स्वर आघातानंतर ओसरत जातो, म्हणून प्रभुभोजनाच्या वेळच्या शांत गीतांना किंवा एकट्या गायकाला तो अधिक शोभतो. हे ऐकून झाल्यावर त्या एखादे उंच पट्टीतले गीत ई-फ्लॅटवरून डीवर उतरवून वाजवीत. आमच्या सोप्रानोंना, म्हणजे सर्वांत उंच स्वरात गाणाऱ्यांना, ते आवडत नसे, पण मागच्या बाकांवरच्या पुरुषांना वरचा स्वर गाठता येणे सोप्रानोंच्या उत्साहापेक्षा महत्त्वाचे आहे, हे ताईंचे मत मला आजही पटते.

टेनर, म्हणजे उंच स्वरात गाणारे पुरुष, नेहमीच कमी असत. चार आवाजांच्या रचनेचा हट्ट धरण्यापेक्षा तीन आवाजांची रचना शुद्ध गावी, हे ठरायला मात्र फार वेळ लागला. शब्द चांगले पण चाल अवघड, असे एखादे गीत निघाले की गीतपुस्तकाच्या शेवटची, ओळींच्या अक्षरसंख्येनुसार चाली देणारी छंदसूची उघडली जाई आणि ओळींच्या ८.६.८.६ अशा अक्षरसंख्येची सर्वांच्या ओळखीची चाल शोधून ती त्या शब्दांवर गाऊन पाहिली जाई. कधी ती चपखल बसे, कधी जोर भलत्याच अक्षरावर पडून हशा पिके.

उपासना संपल्यावर वाजवायच्या ऑर्गनवादनाचा विषय अगदी शेवटी निघे. त्या वेळी सगळे गप्पांत रंगलेले असतात, तेव्हा संगीतकार बाखचे कितीही कठीण फ्यूग (एकच धून एकामागून एक अनेक आवाजांत गुंफणारी रचना) वाजवले तरी कोणाची तक्रार येणार नाही, असे सांगून ताई ती यादी स्वतःच लिहून टाकीत. त्यावर कधी मतदान झाले नाही.