तुम्ही विचारलंत म्हणून: ह्या इंजिनाचं तोंड कुणीकडं?

लातूरला माझं उसाच्या ट्रॉल्या बनवायचं वर्कशॉप आहे आणि टेबलावर हातभर लांबीचं एका इंजिनाचं मॉडेल ठेवलंय, मीच लेथवरच्या उरल्यासुरल्या मालातून केलेलं. गिऱ्हाईक ॲडव्हान्सचं बोलायच्या आधी तेच विचारतं, "मामा, ह्याचं तोंड कुणीकडं? अन् हे आपल्या बार्शी लाइटचं हाय का?" दर वेळी घाईत काहीतरी सांगतो, म्हणून आज नीट लिहितो.

बार्शी लाइट म्हणजे आपली जुनी मिरज-लातूर छोटी रेल्वे, तिचं हे नाही. ह्याला गॅरट म्हणतात, आणि हे दक्षिण आफ्रिकेतल्या दोन फुटी गेजवरचं (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) एनजीजी १६ क्लासचं इंजिन. १९३७ पासून १९६८ पर्यंत हा क्लास बनत होता. माझं मॉडेल १४३ नंबरचं आहे, १९५८ सालचं, मँचेस्टरच्या बायर पीकॉक कंपनीने बनवलेलं शेवटचं वाफेचं इंजिन. खरं इंजिन आता वेल्समध्ये डोंगरातल्या वेल्श हायलँड रेल्वेवर आहे, तिथं चाळीसला एक असा चढ आहे, म्हणजे चाळीस फूट पुढं गेलं की एक फूट वर.

आता ते वळतं कसं. शेतात स्प्रिंकलरचा वीस फुटी पाइप दोन गडी खांद्यावर घेऊन बांधावरून चाललेत असं समजा. कोपरा आला की पुढचा वळतो, मागचा अजून सरळच चालत असतो, आणि मधला पाइप आपोआप वळणाच्या आतल्या अंगाला सरकतो. पाइप वाकत नाही, गडी वळतात. गॅरट म्हणजे हेच. पुढं एक इंजिन, मागं एक इंजिन, दोघांना आपापली चाकं आणि आपापले सिलिंडर, आणि मधे दोन पिव्हटवर टेकवलेल्या फ्रेमवर बॉयलर अन् ड्रायव्हरची केबिन. पाण्याची टाकी पुढच्याच्या डोक्यावर, कोळसा मागच्याच्या.

हे कशासाठी, तर नॅरोगेजला रूळ हलके अन् वळणं आवळ. जोर पाहिजे म्हणून इंजिन मोठं केलं तर चाकांवर वजन येऊन रूळ बसणार, आणि वजन वाटायला एकाच फ्रेममध्ये चाकं वाढवली तर ते वळणार नाही. हर्बर्ट गॅरटने १९०७ मध्ये ह्याचं पेटंट घेतलं. पहिली दोन इंजिनं १९०९ मध्ये टास्मानियाच्या दोन फुटी लाइनसाठी बनली. त्यांचे सिलिंडर आतल्या बाजूला होते, म्हणजे मागचे बरोबर केबिनच्या खाली, त्यामुळे ड्रायव्हर पायाखालून भाजून निघायचा. माझ्या एनजीजी १६ ला सिलिंडर बाहेरच्या टोकांना आहेत.

मला सगळ्यात भारी वाटतं ते बॉयलरचं. त्याच्या खाली चाकंच नाहीत, त्यामुळे फायरबॉक्स, म्हणजे कोळसा जळतो ती पेटी, हवा तेवढा रुंद अन् खोल करता येतो, चाकांच्या मधे कोंबायची गरज नाही. आणि वाफेचे पाइप, ते दोन्हीकडच्या हलत्या सांध्यांतून न्यायचे, प्रेशर कमी होऊ न देता! मी रोज पिव्हटचं काम करतो, पिन अन् बुश झिजल्या की ट्रॉली कशी डुलते मला माहितीय, म्हणून त्या सांध्यांपुढं मी हात जोडतो. ह्यात खोट एक आहे, पाणी-कोळसा संपत आला की चाकांवरचं वजनही कमी होतं आणि इंजिन घसरायला लागतं.

भारतात नॅरोगेजवर असं एक दार्जिलिंगला १९११ मध्ये आलं होतं. आपल्या लातूरला बार्शी लाइट पोचली तीही १९११ मध्येच, पण तिथं ती लाइन उभी करणाऱ्या कॅलथ्रॉप साहेबाचा, म्हणजे इंग्रज इंजिनिअरचा, हिशोब वेगळा होता. अडीच फुटी गेज, आणि इंजिन असो की डबा, एका एक्सलवर पाच टनांच्या वर वजन नाही. सगळ्यांना सारखं वजन, मग हलक्या रुळावरूनही भरपूर माल जातो. त्याची पहिली इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीची, एकाच फ्रेममध्ये जोराची आठ चाकं. म्हणजे प्रश्न एकच होता, रस्ता गरीब आहे पण माल तर न्यायचाय. एकाने वजन सारखं वाटलं अन् दुसऱ्याने इंजिनच दोन ठिकाणी तोडलं. म्हणून कुणी नॅरोगेजला खेळण्यातली गाडी म्हटलं की मला खरंच राग येतो. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून आपल्या लातूरला रेल्वेने पाणी आलं ना, त्या एका वॅगनमध्ये ५० हजार लिटर, म्हणजे नुसतं पाणीच एका एक्सलवर साडेबारा टन होतं. ते ब्रॉडगेज झाली म्हणून जमलं. त्याच मिरज-लातूर वाटेवर आधी कितीतरी वर्षं बार्शी लाइटने पाच टनांच्या हिशोबात धान्य, कापूस अन् पंढरीचे वारकरी वाहून नेलेत.

परवा रेणापूरचा एक पोरगा वडलांबरोबर ट्रॉली बघायला आला होता. मी दोन सळया वाकवून रूळ केलेत, त्यावर त्याला मॉडेल ढकलायला दिलं. वळणावर बॉयलर आत सरकला तसा तो थांबला, मागं घेतलं, परत ढकललं. मग वडलांना म्हणाला, "पप्पा, ह्याला तोंड नाहीच, दोन्हीकडं इंजिनच हाय." वडील ट्रॉलीचा भाव विचारत होते, त्यांना म्हटलं जरा थांबा, आधी ह्याचं बघून होऊ द्या.